एक जूनवाल्या बाई

बाई आजचा पेपर उद्या वाचायच्या. सकाळी पेपरवाला अंक टाकून गेला की तो घडी न मोडता कपाटावर जाई आणि कपाटावरचा कालचा खाली येई. मी नवा भाडेकरू होतो तेव्हा न राहवून विचारलं. त्या म्हणाल्या, "ताजी बातमी कच्ची असती साहेब. एक रात मुरू द्यावी. खोटी असली तर रातीतच मरती."

गंगाखेडला मी त्यांच्या वरच्या दोन खोल्यांत कितीतरी वर्षं राहिलो. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. घरात एकट्या. सकाळी वंदना म्हणायच्या, मग अंगण झाडायच्या, मग रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला 'कुठं निघालास' म्हणून विचारायच्या. शाळेची शिट्टी त्यांनी निवृत्त होताना परत केली नव्हती. नळाला पाणी आलं की ओट्यावर उभ्या राहून ती फुंकायच्या आणि अख्खी गल्ली घागरी घेऊन पळायची. मी वीज खात्यात कनिष्ठ अभियंता. लाईट गेली की खालून हाक यायची, "ओ साहेब, तुमचं खातं मेलं का झोपलं?"

हे मी प्रेमानं लिहितोय असं कुणाला वाटेल. तसं नाही. मला बाईंचा हेवा वाटायचा. अजून वाटतो. त्याची लाजही वाटते, पण लाजेनं हेवा कमी होत नाही.

गल्लीत बाईंचा मान एका वेगळ्याच गोष्टीसाठी होता. त्यांना कुठलीही हकिगत बिनसालाची चालायची नाही. कुणी म्हातारी ओट्यावर टेकून म्हणाली, 'माझं लगीन झालं तवा,' की बाईंनी हात वर केलाच. "कवा झालं?" म्हातारीला साल कुठलं माहीत असणार? मग उलटतपासणी सुरू. येलदरीचं धरण झालतं का? रझाकार गेलते का? गोदावरीला मोठा पूर आलता, त्याच्या आधी का मागून? थोरलं लेकरू रांगत होतं का चालत होतं? म्हातारी रडकुंडीला यायची, पण शेवटी साल हाती लागायचं आणि तीच खूश होऊन घरी जायची. एकदा शेजारचे दोन चुलतभाऊ आपल्यात थोरला कोण यावरून बोलायचे बंद झाले होते. बाईंनी दोघांना समोर बसवलं, त्यांच्या आयांच्या बाळंतपणांचे दिवस सुगीवरून जुळवले आणि निकाल दिला. हरलेला भाऊ म्हणाला, "बाई म्हणतेत म्हणल्यावर हाय मंग." असं माझ्याबद्दल आजवर कुणी म्हणालेलं नाही.

आता माझं सांगतो. एक व्हिडिओ गेमची मालिका आहे, परदेशातली. मी कॉलेजात असल्यापासून ती खेळतो आणि तिचे भाग अजून निघतातच आहेत. आमच्या मराठी ग्रुपात तिला सगळे 'दिवाराज्य' म्हणतात. प्रत्येक भागात एक राज्य, एक राणी, तळ्याच्या तळाशी निजलेला एक अक्राळविक्राळ पशू आणि हातात दिवा घेऊन निघालेला एक पोरगा. गोची अशी की भाग ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं त्यातली गोष्ट घडत नाही. एका भागात राजधानी तळ्यात बुडालेली असते. मागून निघालेल्या भागात तीच राजधानी उभी, बाजार भरलेला. मग आधी कुठलं आणि नंतर कुठलं? यावरून जगभरातली माणसं भांडतात. आम्ही रविवारी दुपारी फोनवर जमून मराठीत भांडायचो. सोलापूरचा एक दातांचा डॉक्टर, पाच-सहा कॉलेजची पोरं आणि माझी मुलगी.

मुलगी पुण्याला, तिच्या आईजवळ. आम्ही नवराबायको वेगळे झालो होतो. आधी फोनवर आमचं बोलणं असं चालायचं: शाळा कशी आहे? बरी आहे. जेवलीस का? हो. आणि मग दोन्हीकडून शांतता. ती थोडी मोठी झाल्यावर मी तिला माझा जुना गेम दिला आणि आमच्याकडे बोलायला एक अख्खं राज्य आलं. तिनं विचारायचं, मी सांगायचं. आठवड्यातला तेवढाच वेळ मी बाप असायचो.

तिनं एक प्रश्न मात्र फक्त एकदाच विचारला होता, लहान असताना. आधी कोण गेलं? आमचं घर मोडलं तेव्हा ती उन्हाळ्याच्या सुट्टीला आजोळी होती. परत आली तोवर सगळं होऊन गेलं होतं. मी तिला सांगितलं, आई आधी माहेरी निघून गेली, मग मी गंगाखेडची बदली मागितली. तिच्या आईनं उलटं सांगितलं. मुलीनं दोन्ही ऐकून घेतलं आणि पुन्हा विषय काढला नाही.

दिवाराज्याबद्दल माझा सिद्धांत दोन फांद्यांचा होता. एका रात्री त्या राज्याचा इतिहास दुभंगला. एका फांदीत पोरगा हरला आणि राजधानी बुडाली, दुसरीत जिंकला आणि ती वाचली. दोन्ही फांद्या खऱ्या, कुणीच खोटं बोलत नाही. मला हा सिद्धांत फार प्रिय होता. का, ते मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

एका रविवारी मी तो रंगात येऊन मांडत होतो. मुद्दा होता कबरींचा. प्रत्येक भागात देवळाच्या आवारात जुन्या दीपधरांच्या, म्हणजे आधीच्या दिवेवाल्या पोरांच्या, कबरी दिसतात आणि प्रत्येकीवर जन्माची वेळ एकच कोरलेली असते: पहिल्या दिव्याची रात्र. काही म्हणत, हा एकच पोरगा पुन्हा पुन्हा जन्मतो. मी म्हणत होतो, फांद्या त्याच रात्री फुटतात. तेवढ्यात बाई लाईटची तक्रार घेऊन जिना चढून आल्या. हातात माझ्यासाठी आमटीची वाटी. फोन स्पीकरवर होता. त्या दारात उभ्या राहून ऐकत राहिल्या आणि मध्येच म्हणाल्या, "काय येड्यावानी करायलात? ती एक जून हाय."

 फोनवरून मुलीचा आवाज, "बाबा, कोण बोलतंय?"

"घरमालकीण," बाईंनीच उत्तर दिलं आणि वाटी माझ्या टेबलावर ठेवून खुर्चीत बसल्या. "तुझ्या बापानं सांगितलं न्हाई वाटतं माझ्याबद्दल. ऐक बाळा. माय लेकराला घेऊन पहिलीत घालायला यायची. मी इचारायची, जन्म कवाचा? ती म्हणायची, ज्वारी काढायलो होतो तवाचा. आता ज्वारी मी रजिस्टरात कशी घालू? मंग मी ल्ह्यायची, एक जून. जूनात शाळा भरती, लेकरू वयात बसतं. म्या ल्हेलं, माझ्या गुरुजींनी माझंबी तेच ल्हेलं. अख्खा मराठवाडा एका दिवशी जन्मलाय. तुमच्या त्या दिवेवाल्यांच्या देवळात भरती व्हायला ती रात लागती का?"

"लागते," दातांचा डॉक्टर हळूच म्हणाला. "त्या रात्री जन्मलेल्यालाच दिवा देतात."

"झालं मंग. ज्याला आत घ्यायचं त्याची ती रात ल्हेली पुजाऱ्यानं. पोरं येगयेगळी, सालं येगयेगळी. फांद्याबिंद्या कायबी न्हाई. एक सरळ रेघ हाय, निस्ती तारखेची लबाडी."

आधी कुणीतरी फस्सकन हसलं. मग डॉक्टर म्हणाला, "आयला! माझ्या वडिलांची एक जून." दुसरा म्हणाला, "माझ्या दोन्ही काकांची." तिसरा म्हणाला, "आमच्या घरी त्या दिवशी चार केक आणावे लागतात." माझीही एक जूनच. मी बोललो नाही. मुलगी खळखळून हसत होती. तसं हसू माझ्या फांद्यांनी तिला कधी आलं नव्हतं. डॉक्टरनं तिथल्या तिथं नाव ठेवलं, 'एक जून सिद्धांत'. बाई उठताना म्हणाल्या, "आमटी निवायली साहेब. जेवा आता, राज्य कुठं पळत न्हाई."

त्यानंतर ग्रुप माझा राहिला नाही. मी काहीही मांडलं की कुणीतरी विचारायचं, "बाईंचं काय म्हणणं आहे?" बाईंनी आयुष्यात एकही गेम खेळला नव्हता. राणीचं नाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्या तिला सरपंचीण म्हणायच्या. तळ्यातल्या पशूला हल्या, म्हणजे रेडा. थोड्या दिवसांत ग्रुपातली पोरंही हल्या म्हणायला लागली. वीस-बावीस वर्षं मी त्या पशूचं नाव परदेशी माणसासारखं उच्चारायचा सराव केला होता.

मे महिन्यात मुलगी माझ्याकडे आली. म्हणजे सामान माझ्या खोलीत ठेवलं आणि खाली बाईंकडे राहिली. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर दोघी नाहीत. बाई तिला एसटीनं येलदरीला घेऊन गेल्या होत्या. बाईंच्या मावशीचं गाव धरणात गेलेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथल्या भिंती उघड्या पडतात. मुलगी रात्री जेवताना सांगत होती, "बाबा, अहो चौकट दिसते दाराची! बाई म्हणाल्या, आता सांग, पाणी उतरलं म्हणून गाव पुन्हा वसलं का? कुणी लांबून बघितलं तर म्हणेल, वसलंय. मग आपण ज्याला उभी राजधानी म्हणतो ती..."

"मलाही यायचं होतं," मी म्हणालो.

"तुमची ड्युटी होती साहेब," बाई भाकरी वाढत म्हणाल्या. खरंच होती. पण त्यांनी विचारलं असतं तर मी रजा टाकली असती. तिला त्या बुडालेल्या दारासमोर मी उभं करायला हवं होतं. ते मला सुचलं नाही आणि बाईंना सुचलं, हे मला भाकरीबरोबर गिळावं लागलं.

मग मी क्षुद्रपणा केला. रविवारी दुपारी बाई खालून विचारायच्या, "साहेब, आज मंडळ भरलं का?" मी सांगायचो, "आज नाही बाई, लोकांना कामं आहेत." आणि दार लावून, पंखा मोठा करून हळू आवाजात बोलायचो. ग्रुपात सांगायचो, बाई वालूरला बहिणीकडे गेल्यात. त्याचा परिणाम एवढाच झाला की मुलीनं बाईंची खुशाली विचारायला सरळ त्यांनाच फोन लावला. माझी थाप उघडी पडली. दोघींपैकी कुणीही मला एका शब्दानं बोललं नाही. त्या दिवसापासून त्यांचं आपसात बोलणं सुरू झालं, मला वगळून. संध्याकाळी खालून बाईंचं हसणं ऐकू यायचं आणि मी जिन्यात उभा राहून कान देत असायचो. पलीकडचा आवाज ऐकू यायचा नाही. फक्त बाईंचं, "हाव का? मंग? अगं माय!"

एकदा ते सहन झालं नाही. बाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. मी म्हणालो, "बाई, तुम्ही सगळ्यांना खरं साल काढून देता. आणि शाळेत शेकडो पोरांच्या खोट्या तारखा लिहिल्यात. लोक त्याच तारखेनं नोकरीला लागले, त्याच तारखेनं घरी बसले. त्याचं काही वाटत नाही?"

मला वाटलं होतं त्या चिडतील. त्या काड्या बाजूला टाकत राहिल्या. "वाटतं की. एकजण दोन वर्षं आधी रिटायर झाला. आला होता मला बोलायला, बोलून गेला. मी ऐकून घेतलं." मग दुसरी जुडी सोडत म्हणाल्या, "पण साहेब, मी खोटं ल्हेलं ते दुसऱ्याचं लेकरू आत यावं म्हणून. सोताला सुटायला न्हाई ल्हेलं."

हे त्या सहज म्हणाल्या की मला उद्देशून, ते मला अजून कळलेलं नाही. पण मी वर जाऊन आडवा झालो. कारण बाईंना माहीत होतं. त्या एकट्या पुरुषाला खोली द्यायच्या नाहीत. पहिल्या दिवशी मी त्यांना म्हणालो होतो, बायको आणि मुलगी सुट्टी संपली की पाठोपाठ येतायत. त्यांनी दुसऱ्या खोलीला चुना मारून घेतला होता, खिडकीला जाळी बसवली होती, लेकरू पडू नये म्हणून. मी तिथं जाऊन राहिलो तेव्हा मुलीची आई अजून आमच्याच घरात होती, मी परत येईन म्हणून. ती नंतर गेली. चुना मारलेली खोली रिकामीच राहिली आणि बाईंनी मला त्याबद्दल कधीच काही विचारलं नाही. साऱ्या गल्लीची सालं काढणाऱ्या बाईंनी माझं तेवढं सोडून दिलं होतं.

पुढं माझी बदली परभणीला झाली. निघताना बाईंनी शेंगदाण्याची चटणी दिली आणि म्हणाल्या, "लेकराला सुट्टीत इकडंबी धाडत जा."

गेल्या दिवाळीच्या तोंडावर मालिकेचा नवा भाग आला आणि त्यात कंपनीनं स्पष्टच दाखवलं. इतिहास दुभंगतो. दोन फांद्या. मी जिंकलो होतो. मी लगेच ग्रुपात लिहिलं. डॉक्टरनं उत्तर दिलं, "कंपनीला काय कळतंय!" वर हसरे चेहरे. कुणीतरी बाईंना फोन करून विचारलंही. त्यांचं उत्तर सगळ्यांनी एकमेकांना पाठवलं: "कंपनीनं ल्हेलं व्हय? मंग कंपनीनं एक जून ल्हेली." मी मुलीला फोन केला. ती म्हणाली, "अभिनंदन बाबा. पण खरं सांगू? मला बाईंचंच जास्त पटतं."

"का?"

"दोन फांद्यांमध्ये सगळेच सुटतात ना," ती म्हणाली.

दोन दिवसांनी ती दिवाळीला माझ्याकडे येणार होती. मी परभणीच्या स्टेशनावर वेळेआधी जाऊन उभा राहिलो. पुण्याहून येणारी ती गाडी गंगाखेडवरून येते, हे मला माहीत होतं, पण डोक्यात आलं नव्हतं. गाडी लागली, माणसं उतरली, गाडी पुढं गेली. मग फोन आला. "बाबा, मी गंगाखेडलाच उतरले. बाईंकडे आहे. उद्या येते."

मी तसाच एसटी स्टँडवर गेलो आणि मिळाली ती गाडी धरली. सगळ्या वाटेत मी बाईंना काय बोलायचं ते जुळवत होतो. माझी मुलगी आहे. माझी दिवाळी आहे. तुमचं तुम्ही बघा. गंगाखेडला उतरेपर्यंत चांगली चार कडक वाक्यं तयार झाली होती.

ऊन कलत होतं. दोघी ओट्यावर बसल्या होत्या, माझ्याकडे अर्धी पाठ. मी फाटकाशी पोचलो तेव्हा मुलगी बोलत होती. "बाई, एकच विचारते. बाबा तुमच्याकडे राहायला आले, तेव्हा काय म्हणाले होते?"

"खोली हवी म्हणाले. आन् काय म्हणतेत?"

"टाळू नका. तुम्ही सगळ्यांना साल सांगता."

"सांगते. ज्याचं त्यानं इचारलं तर सांगते." बाईंनी मला पाहिलं होतं. त्यांनी नुसती मान हलवून तिला दाखवलं. "तो बघ उभा हाय. त्याला इचार. तुझ्या बापाचं साल मी कामून काढू?"

मुलगी वळली. माझी चार वाक्यं कुठं गेली कोण जाणे. मी फाटकाची कडी हातात धरून तिथूनच म्हणालो, "मी आधी आलो. तुझी आई घरीच होती. वाट बघून ती नंतर गेली. मी तुला उलटं सांगितलं."

तिनं आधी बाईंकडे पाहिलं. मी आयुष्यातली सगळ्यात खरी गोष्ट बोललो होतो आणि तिला ती बाईंकडून पडताळून घ्यायची होती. बाईंनी होकाराची मान हलवली नाही आणि नकारही दिला नाही. तेवढ्यावरून तिला कळलं.

"म्हणजे आई खरं सांगत होती," ती म्हणाली. "मी तिच्याशी दोन वर्षं नीट बोलले नव्हते बाबा. नववी-दहावीत. तिनं तुम्हाला घालवलं म्हणून."

हे मला माहीत नव्हतं. मी काही बोलायच्या आत तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती रडायला लागली. डोकं बाईंच्या खांद्यावर टाकून. बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, तोंडानं काहीतरी पुटपुटत होत्या, ते मला ऐकू आलं नाही. मला तेव्हा फक्त अपराधी वाटायला हवं होतं. वाटत होतंच. पण त्याच्या पोटात दुसरंही होतं, आणि इतकं सांगितल्यावर ते लपवण्यात अर्थ नाही. माझी मुलगी माझ्यामुळे रडत होती आणि मला त्या खांद्याचा हेवा वाटत होता.

मी फाटक उघडून आत गेलो आणि पायऱ्यांपाशी उभा राहिलो. ओट्यावर जावं की मागं फिरावं ते कळेना. बराच वेळ कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. मग बाईंनी हात न थांबवता पाय थोडे आत ओढून घेतले. खालच्या पायरीवर एका माणसापुरती जागा झाली. मी चपला काढल्या आणि तिथं बसलो.